मदत हवी आहे : आजोबांच्या फत्तेमारीची डोलकाठी सरळ होती की पुढे कललेली?

नमस्कार मंडळी. जुन्या लाकडी वस्तूंची डागडुजी केलेल्यांची आणि त्याहूनही कोकणातली शिडाची गलबतं जवळून पाहिलेल्यांची मला मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर सल्ला देणं तुम्हालाही अवघड जाईल.

आईचं माहेर विजयदुर्गजवळचं गिर्ये. आजोबा सुतार. घरांची कामंही करायचे, पण हात बसला होता तो गलबतांच्या कामावर. वाघोटण खाडीत दुरुस्तीला ओढलेल्या फत्तेमाऱ्या (माल वाहणारी शिडाची मोठी गलबतं) आणि मचवे (त्याहून लहान गलबतं) यांच्यावर त्यांनी पंचवीसेक वर्षं काम केलं. १९६१ च्या पावसाळ्यात, गलबतं शाकारून किनाऱ्यावर ठेवलेली असताना, त्यांनी घराच्या पडवीत बसून एक छोटी फत्तेमारी केली. आई तेव्हा दहा वर्षांची. कप्प्या तासताना उडालेले तुकडे ती गोळा करून द्यायची, असं ती सांगते.

ही फत्तेमारी नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत ३१ इंच लांब, मध्यावर ९ इंच रुंद आणि पावणेपाच इंच खोल आहे. शोभेच्या दुकानात मिळतं तसलं, ठोकळा कोरून केलेलं हे काम नाही. खाली पठाण (तळाचं लांब मुख्य लाकूड), त्यावर वाक (बरगड्यांसारखी वाकडी लाकडं) आणि वाकांवर फळ्या, असं सगळं खऱ्या गलबतासारखं बांधलेलं आहे. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात भरलेली आहे. वर चुलीची पेटी, पाण्याची टाकी आणि सुकाणूला हात लावून उभा असलेला सव्वादोन इंचांचा तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या. कप्प्या १४ उरल्या आहेत. सगळ्यात लहान कप्पी चिंचोक्यापेक्षाही लहान आहे आणि तिच्यातलं चाक अजून फिरतं. नखाने फिरवलं की टिक् असा आवाज येतो.

आता अडचण. मधली बरीच वर्षं ती गावच्या घरात माळ्यावर होती आणि कौलं सरकून पाणी गळायचं. नऊ वर्षांपूर्वी मामाने ती एका पॉलिशवाल्याकडे दिली. हेतू चांगलाच होता, पण परत आली ती काचेसारखी चकचकीत होऊन. त्याने वरून जाड थर चढवला, सुटलेली फळी लोखंडी चुका (बारीक खिळे) मारून बसवली आणि "कललेली" डोलकाठी सरळ करून पाचरी ठोकून पक्की केली. आता डोलकाठीच्या भोकापाशी वरच्या फळीला चीर गेली आहे. मागच्या डाव्या बाजूचे दोन वाक भुंग्याने खाल्ले आहेत. हलवलं की मैद्यासारखी भुकटी पडते. मांजरपाटाची दोन्ही शिडं घड्यांवर विरली आहेत आणि चुकांचा गंज त्यांना लागला आहे. दोर तर हातात धरले की तुटतात.

मे महिन्यात मी ती डोंबिवलीला आणली. आईने पाहिलं, बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "डोलकाठी अशी नव्हती गो. फुडे कललली होती." मी तिला म्हटलं, पाण्याने वाकली असेल. ती म्हणाली, नाही, नवी होती तेव्हाच तशी होती.

माझा मुख्य प्रश्न हाच आहे. खऱ्या फत्तेमारीची डोलकाठी कशी असते? आईची आठवण बरोबर असेल तर ते शोधायला वस्तूतच काही खूण मिळेल का? त्याशिवाय, हा चकचकीत थर खालच्या लाकडाला धक्का न लावता काढता येतो का, भुंग्याचं काय करावं आणि शिडं नवी करावीत की आहेत तीच सांभाळावीत, यावरही सांगा. ओळखीच्या एका सुताराने वाक बदलून, सगळं घासून, नवं पॉलिश करून देतो म्हटलंय. मला ते नको आहे. आजोबांच्या हाताचं जेवढं उरलंय तेवढं उरायला हवं. ते गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांनी केलेली दुसरी कुठलीच वस्तू आमच्याकडे नाही.

खाडीकाठ
ताई, तुमच्या आईंचं शंभर टक्के बरोबर आहे. फत्तेमारीची मोठी डोलकाठी पुढे कललेलीच असते. मागची लहान डोलकाठी, जिला कलमी म्हणतात, तीही थोडी तशीच. आमच्या घरी दोन पिढ्या मुंबई ते मंगळूर गलबतं होती. जाताना मीठ आणि येताना कौलं, नारळ. लहानपणी धक्क्यावर उभं राहिलं की नांगरलेल्या सगळ्या डोलकाठ्या नाळेकडे झुकलेल्या दिसायच्या.

त्याला कारण आहे. हे शीड आडव्या काठीला बांधून चौकोनी टांगत नाहीत. ते एका लांबलचक तिरक्या काठीला बांधलेलं असतं आणि ती काठी कधी कधी जवळपास गलबताइतकी लांब असते. एवढं वजन वर ओढायचं तर ते डोलकाठीला घासत न जाता तिच्यापासून मोकळं लोंबायला हवं. डोलकाठी पुढे कलली की ते आपोआप साधतं. पॉलिशवाल्याने इंग्रजी जहाजांची चित्रं पाहिली असणार. त्याला ती वाकडी वाटली यात नवल नाही, पण आता तुमच्या शिडाची काठी डोलकाठीवर घासत बसेल.

खूण वस्तूतच मिळेल. डोलकाठी दोन ठिकाणी धरलेली असते. वरच्या फळीतलं भोक आणि खाली पठाणावरची खाच, जिच्यात तिचा बुंधा बसतो. पाचरी काढा, भोक मोकळं करा आणि एक सरळ सळई भोकातून खाली खाचेत टेकवा. जोर लावू नका. बुंध्याची खाच भोकाच्या बरोबर खाली आहे की थोडी मागे, ते पाहा. मागे असेल तर सळई पुढेच झुकेल. आजोबांनी ठरवलेला कोन तोच.

रंधापटाशी
मी ठाण्यात जुन्या फर्निचरचं काम करतो. थराबद्दल आधी. तो नेमका कशाचा आहे हे कळल्याशिवाय काहीही लावू नका. पठाणाच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावा आणि अर्धा मिनिट थांबा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश, ते स्पिरिटने हळूहळू उतरतं. काहीच झालं नाही तर मेलामाइनसारखं रासायनिक पॉलिश असेल. ते एकदा पक्कं झालं की स्पिरिटला दाद देत नाही. मग इथे परत विचारा.

पॉलिश पेपर मात्र घरात आणूच नका. पेपरने थर जातो आणि त्याच्याबरोबर हत्याराच्या खुणाही जातात. तुम्हाला जे ठेवायचंय ते नेमकं तेच आहे.

लोखंडी चुका उपटू नका, फळी फुटेल. सोल्डरिंगच्या बारीक टोकाने चुकेचं डोकं काही सेकंद गरम करा, थंड होऊ द्या आणि मग पक्कडीने आधी किंचित फिरवा. गंजाची पकड सुटते.

मालवणी माणूस ६४
भुंग्याला रॉकेल किंवा डिझेल पाजा. आमच्याकडे वाशांना हेच करतात, दहा वर्षं बघायला नको.

रंधापटाशी
@मालवणी माणूस, वाशांना ठीक आहे. इथे नको. तेल लाकडात मुरलं की त्या जागी पुढे कुठलाही सरस धरणार नाही आणि वास शिडांना लागेल तो वेगळाच.

ताई, आधी भुंगा जिवंत आहे का ते बघा. फत्तेमारी झाडून घ्या, काळ्या कागदावर ठेवा आणि आठ दिवस अजिबात हलवू नका. त्यानंतर कागदावर फिकट भुकटीचे ताजे ढीग दिसले तर जिवंत आहे. बोट हलवल्यावर पडणारी भुकटी जुनीही असू शकते. खाल्लेले वाक फिकट रंगाचे आहेत का? सागाचा गाभा भुंगा सहसा खात नाही, सालीजवळचा पांढरा भाग खातो. आजोबांनी उरलेल्या तुकड्यांतून वाक काढले असावेत.

जिवंत असेल तर थंडी हा उत्तम उपाय. सुती कापडात गुंडाळा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि टेपने पूर्ण बंद करा. उणे २० अंशांना आठवडाभर, उणे १८ असेल तर दोन आठवडे. घरच्या फ्रीजमध्ये ३१ इंच मावणार नाहीत, आइस्क्रीमवाल्याच्या किंवा मासळीवाल्याच्या आडव्या डीप फ्रीझरमध्ये मावतील. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही. थंड वस्तूवर दमट हवेतलं पाणी जमतं, ते पिशवीच्या बाहेरच्या अंगाला जमू दे.

जुनी पानं
मी वस्तुसंग्रहालयातलं संवर्धनाचं काम जवळून पाहिलंय, त्यामुळे एवढंच. प्रत्येक टप्प्याआधी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. निघालेला प्रत्येक तुकडा, चूक, दोराचा धागा वेगळ्या पाकिटात, आणि कुठून निघाला ते पाकिटावर पेन्सिलीने.

शिडं धुऊ नका. विरलेलं सूत ओलं झालं की स्वतःच्याच वजनाने फाटतं. गंजाचे डाग राहू द्या. खळ पूर्ण धुऊन काढलेल्या पांढऱ्या सुती कापडात, जाड नळीवर गुंडाळून ठेवा, घडी घालू नका. बोटीवर नवी शिडं चढवा, जुनी शेजारी जपा. नव्याला जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवायचा मोह होईल, पण तो टाळा. चहाने सूत कालांतराने कमजोर होतं. कोरा मांजरपाट आपणहून पिवळा होतो.

वाक पूर्ण बदलू नका. पोकळ झालेला भाग तेवढा काढून तिथे सागाच्या गाभ्याचा तुकडा सांधा आणि त्याच्या आतल्या बाजूला साल लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तुमचं काम कुठलं आणि त्यांचं कुठलं ते कळेल. चिकटवायला हाडा-कातड्यापासून केलेला जुन्या पद्धतीचा सरस वापरा. फेव्हिकॉल उत्तम धरतो, पण पुढे कधी सांधा उघडायचा झाला तर सरस कोमट पाण्याने सुटतो. रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा आणि सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून कोमट करायचा. उकळायचा नाही, जोर जातो. फार अडलात तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल.

एकास तीस
मला मापांचा नाद आहे म्हणून तुमची मापं घेऊन बसलो. जॉन एडाय नावाच्या जहाजबांधणी अधिकाऱ्याने १८३४ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या देशी नौकांवर एक लेख छापला. त्यात मोठी फत्तेमारी साधारण साडेशहात्तर फूट लांब, साडेएकवीस फूट रुंद आणि पावणेबारा फूट खोल दिली आहे. तुमची लांबी ३१ इंच, म्हणजे प्रमाण जवळपास एकास तीस. आता रुंदी बघा : ९ इंच गुणिले ३० म्हणजे साडेबावीस फूट. खोली पावणेपाच गुणिले ३०, म्हणजे बाराला थोडी कमी. आणि तांडेल सव्वादोन इंच, म्हणजे पाच फूट साडेसात इंचांचा माणूस. सगळं एका मेळात बसतंय. आजोबांनी नजरेच्या अंदाजाने हे केलेलं नाही. त्यांच्याकडे खऱ्या गलबताची मापं होती, मग ती डोक्यात असोत नाहीतर दोरीच्या गाठींवर.

याचा तुम्हाला उपयोग दोरांसाठी. खरा दीड इंच जाडीचा दोर एकास तीसमध्ये सव्वा मिलिमीटरचा होतो आणि अर्ध्या इंचाचा साधारण ०.४ मिलिमीटरचा. बाजारातला एकच जाड दोरा सगळीकडे बांधलात तर बोट लगेच खेळण्यासारखी दिसेल. तीन-चार जाड्या लागतील. बारीक सुती दोरे एकत्र पिळून घ्या आणि मधमाशीच्या मेणावरून ओढा, म्हणजे त्यांची कुसं बसतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण एकेक करून पाहत होते.

स्पिरिट लावून पाहिलं. काही झालं नाही, म्हणजे लाख नाही. पण बोळा उचलताना कडेचा एक पापुद्रा आपोआप सुटला. खालचं लाकूड तेल प्यालेलं आहे, त्यामुळे वरचा थर नीट धरलेलाच नव्हता असं दिसतंय. आता बांबूची चपटी काडी करून रोज रात्री तासभर काढते आहे. चौरस इंच, दीड इंच एवढंच होतं. खाली काळपट तपकिरी साग निघाला आणि त्यावर पटाशीचे बारीक, एका दिशेचे घाव. डाव्या बाजूचे घाव नाळेकडून मागे जातात, उजव्या बाजूचे मागून नाळेकडे. आईला दाखवलं तर म्हणाली, ते बोट फिरवायचे नाहीत, एकाच जागी धरून दोन्हीकडून तासायचे.

काळ्या कागदावर सहा दिवसांत दोन ढीग जमले. भुंगा जिवंत आहे. आमच्या मासळीवाल्या ताईंनी त्यांचा फ्रीझर दोन आठवडे वापरायला दिला. एका बाजूला बर्फ आणि पापलेट, दुसऱ्या बाजूला माझी पिशवी. पैसे घ्यायला त्यांनी नाही म्हटलं.

त्याआधी पाचरी काढल्या. तीन होत्या, तिन्ही प्लायवूडच्या. भोक मोकळं झालं तेव्हा ते गोल नव्हतंच, पुढच्या बाजूला लांबट होतं. कापलेली कड गुळगुळीत आणि तिरकी, त्यामुळे नंतर झिजून तसं झालेलं नसणार. आईला बोलावलं आणि विणकामाची सुई तिच्याच हातात दिली. तिने ती भोकातून खाली सोडली, जराशी चाचपली आणि सुई खाचेत बसली. हात काढला तर सुई तशीच उभी राहिली, नाळेकडे झुकून. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावला, बारा अंश. आई म्हणाली, "सांगितलंय मा?" आणि चहा टाकायला आत गेली.

मी तिची माफी मागितली. मे महिन्यात तिचं ऐकून घेतलं नाही, हे मला लागून राहिलं होतं.

खाडीकाठ
ताई, वाचून फार बरं वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा. बारा अंश अगदी शोभतात. चीर गेलेली फळी सरसाने सांधेपर्यंत डोलकाठी चढवू नका, नाहीतर ती चीर पुढे पळेल.

धागाकर्ती
नक्की. बोट फ्रीझरमधून शुक्रवारी निघेल, शनिवारी उघडेन. मग आधी फळी, मग वाक आणि डोलकाठी सगळ्यात शेवटी.

खाडीकाठ दादा, आणखी एकच विचारते. शिडाची तिरकी काठी डोलकाठीच्या कोणत्या बाजूला टांगायची? आईला डाव्या बाजूला असल्यासारखं आठवतं, पण या वेळी ती म्हणते, खात्री नाही.

खाडीकाठ
खऱ्या गलबतावर वाऱ्याप्रमाणे काठी डोलकाठीपुढून फिरवून दुसऱ्या बाजूला घेतात, त्यामुळे दोन्ही बाजू बरोबर. पण बोट साठ वर्षं एका जागी ठेवलेली होती. डोलकाठीच्या वरच्या टोकाशी, जिथे काठी टेकते तिथे, एका अंगाला दाबाची खूण असेल. उजेड तिरपा धरून बघा.

धागाकर्ती
पॉलिशच्या थराखाली आहे ती जागा. आज रात्री तिथूनच सुरुवात करते.